एका दाखल्याभोवती उभं राहणारं नाट्य: बोस्नियाचे चित्रपट कसे बघावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: "धरणात गेलेल्या गावावर पहिली पटकथा लिहितोय. गाव पाण्याखाली जातं तो दिवस पडद्यावर दाखवायचा की नाही, इथे अडलोय. एका मित्राने बोस्नियाचे चित्रपट बघायला सांगितले. पण ते सगळे युद्धपटच असतील ना? बघायचे तर कुठून सुरुवात करू, आणि ते करणारी माणसं कोण आहेत?"

युद्धपट समजून बघायला बसलात तर पहिल्या अर्ध्या तासात चुकल्यासारखं वाटेल. रणगाडे नाहीत, चढाया नाहीत. एक बाई पैसे मोजतेय, एक माणूस मोडकी गाडी तोडून भंगारात घालतोय, एक शिक्षिका फाटकाशी हुज्जत घालतेय. मी २६ वर्षं चित्रपटांचं संकलन करते आणि गेली काही वर्षं शिकवते. शिकवताना ज्या चित्रपटांकडे मी सारखी परत जाते, त्यांत या जेमतेम तीस-पस्तीस लाख वस्तीच्या देशाचे चार-पाच तरी असतातच. त्यांच्याकडून मी शिकले ते असं: तिथलं नाट्य कागदावर उभं राहतं. दाखला, यादी, विम्याचं कार्ड, परवानगी, जमिनीचा व्यवहार. जे भयंकर घडलं ते आधीच घडून गेलेलं असतं किंवा दाराबाहेर घडत असतं. पडद्यावर माणूस एका कागदासाठी वणवण करत असतो, आणि त्या वणवणीतून मागचं सगळं आपल्या अंगावर येतं. तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात 'ग्रबावित्सा'पासून करा. यास्मिला झ्बानिच ही दिग्दर्शिका सारायेवोची, जन्म १९७४ चा. हा तिचा पहिला कथापट, आणि २००६ मध्ये त्याने बर्लिन चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन बेअर, मिळवला. ग्रबावित्सा ही सारायेवोमधली एक वस्ती. १९९२ ते १९९५ च्या बोस्नियातल्या युद्धात ती सर्ब सैन्याच्या ताब्यात होती आणि तिथे बायकांना डांबून त्यांच्यावर अत्याचार झाले. चित्रपटात यातलं एकही दृश्य नाही. गोष्ट एवढीच: एस्मा नावाची बाई, तिची बारा वर्षांची मुलगी सारा. शाळेची सहल निघालीय, माणशी दोनशे युरो. ज्यांचे वडील युद्धात शहीद झाले त्या मुलांनी तसा दाखला आणला तर पैसे माफ. साराला जन्मापासून सांगितलंय, तुझे बाबा शहीद. मग आई दाखला का आणत नाही? ती उसने का मागत फिरतेय, रात्री क्लबमध्ये वेट्रेसचं काम का धरतेय?

दाखला नसण्याचं कारण तुम्हाला आत्ता कळलं असेल. प्रेक्षकालाही ते लवकर उमगतं. तरी चित्रपट सैल पडत नाही, कारण आपल्याला कळलंय आणि साराला कळलेलं नाही, ही धास्ती शेवटपर्यंत पुरते.

तिथे 'शहीद' याला 'शेहिद' म्हणतात. अरबीतून तुर्कांबरोबर तिकडे गेला, फारसीबरोबर आपल्याकडे आला, शब्द एकच. दुकानाला ते 'दुचान' म्हणतात, शत्रूला 'दुश्मन' आणि साबणाला 'सापुन'. सबटायटल वाचता वाचता कान उघडा ठेवा, हे शब्द अचानक ओळखीच्या माणसासारखे भेटतात. इंग्रजी सबटायटलमधून 'शहीद' या शब्दाचं वजन नीट पोचत नाही. मराठी कानाला ते पोचतं. साराला वर्गात त्या शब्दाची ऐट वाटते ती का, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

आता दोन जागा जवळून बघा. पहिली, अगदी सुरुवातीची. कॅमेरा बायकांच्या चेहऱ्यांवरून संथपणे सरकतो. डोळे मिटलेले, अंग सैल सोडलेलं, कुणी कुणाला टेकलेली. मागे इलाहिया, म्हणजे तिथलं भक्तिगीत, चालू आहे. सरकत सरकत कॅमेरा एस्मापाशी येतो आणि ती डोळे उघडते. मी कार्यशाळेत हा तुकडा दाखवते आणि विचारते, इथे कट किती? मुलं चार सांगतात, पाच सांगतात. मग पुन्हा लावून मोजायला लावते. त्या बायकांना एकमेकींपासून तोडायचं नाही हा त्या दृश्याचा निर्णय आहे, आणि तो बघणाऱ्याच्या लक्षात न येता त्याच्या आत उतरतो.

दुसरी जागा खच्चून भरलेल्या बसमधली. एस्मासमोर एक माणूस उभा आहे. शर्टाची वरची बटणं उघडी, केसाळ छाती, गळ्यात सोन्याची साखळी. गर्दीत ती छाती तिच्या तोंडापाशी येते. तो माणूस काही करत नाही, त्याला काही माहीतही नाही. ती धक्के देत वाट काढते आणि उतरून जाते. बस्स. फ्लॅशबॅक नाही, किंकाळी नाही. मी एका मराठी चित्रपटावर काम करत होते, त्यात अशाच आठवणीसाठी निर्मात्यांना धूसर, लालसर फ्लॅशबॅक हवा होता. मी तो कापून दिला, आणि पहिल्या खेळाला बघितलं की त्या क्षणी लोक खुर्चीत मागे रेलले. आठवण आमची झाली, त्यांची झालीच नाही. ती बस मी आधी नीट बघितली असती तर मी जास्त भांडले असते.

चित्रपटाच्या सोबतीने तिथे युद्धात अत्याचार सोसलेल्या बायकांसाठी सह्यांची मोहीम चालली, आणि त्याच वर्षी देशातल्या फेडरेशन या भागात कायदा बदलून त्यांना युद्धातल्या नागरी बळींचा दर्जा मिळाला. म्हणजे ज्या चित्रपटाचं सगळं नाट्य न मिळणाऱ्या दाखल्यावर उभं होतं, त्याच्या पाठोपाठ खऱ्या बायकांच्या हातात एक खरा कागद आला. बर्लिनला बक्षीस घेताना झ्बानिचने व्यासपीठावरून आठवण करून दिली होती की बोस्नियातल्या सर्बांचा युद्धकाळातला नेता कराजिच आणि सेनापती म्लादिच अजून मोकळे फिरत आहेत. कराजिच २००८ मध्ये पकडला गेला, म्लादिच २०११ मध्ये.

बोस्नियाचं नाव आपल्यापैकी अनेकांनी चित्रपटाच्या संदर्भात पहिल्यांदा ऐकलं ते मार्च २००२ मध्ये. आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' ऑस्करच्या शेवटच्या पाचांत होता आणि पुरस्कार गेला दानिस तानोविचच्या 'नो मॅन्स लँड'ला. त्या रागात कित्येकांनी तो चित्रपट बघितलाच नाही. जरूर बघा. दोन्ही बाजूंच्या खंदकांच्या मधल्या जागेत दोन शत्रू सैनिक अडकलेत, आणि तिसरा एका सुरुंगावर पडून आहे. तो हलला की सुरुंग उडणार. मग येतात संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक, वरिष्ठ, वरिष्ठांचे वरिष्ठ, पत्रकार. सगळा चित्रपट परवानगीची वाट बघण्यात जातो. तानोविचने सर्ब सैन्याने वेढलेल्या सारायेवोत सैन्यासोबत राहून प्रत्यक्ष चित्रीकरण केलेलं होतं, त्यामुळे खंदकातलं बोलणं त्याच्या कानात होतं. एक सैनिक खंदकात पेपर वाचता वाचता हळहळतो, रवांडात काय चाललंय बघ! हे वाक्य टेबलावर बसून सुचत नाही. शेवटी कॅमेरा वर वर जातो आणि खाली तो माणूस तसाच पडून राहतो. मला हा त्याचा सर्वांत पक्का बांधलेला चित्रपट वाटतो, पण सर्वांत खोल नाही.

खोल वाटतो तो 'लोखंड वेचणाऱ्याच्या आयुष्यातला एक प्रसंग', २०१३ चा. नाझिफ मुयिच आणि सेनादा हे रोमा समाजातलं जोडपं. ती गरोदर, पोटात बाळ मेलेलं, तातडीने शस्त्रक्रिया हवी. विम्याचं कार्ड नाही, म्हणून रुग्णालय ९८० मार्क (मार्क हे तिथलं चलन) मागतं. नाझिफ भंगार वेचून जगणारा माणूस, त्याच्याकडे एवढे पैसे कुठून येणार? ही घटना खरी घडली होती. तानोविचने ती वर्तमानपत्रात वाचली आणि त्याच कुटुंबाला त्यांच्याच घरात, त्यांच्याच भूमिकेत उभं केलं. नऊ दिवसांचं चित्रीकरण, साधारण १७ हजार युरो खर्च, फोटो काढायचा साधा डिजिटल कॅमेरा. शेवटी वाट निघते ती नातेवाईक बाईचं कार्ड वापरून. पुन्हा कागद.

यातला गाडी तोडण्याचा प्रसंग संकलक म्हणून मला फार मोलाचा वाटतो. नाझिफ स्वतःची गाडी कुऱ्हाडीने तोडतो, कारण तिचं भंगार विकून विजेचं बिल आणि औषधं निघणार आहेत. ते तोडणं छाटून आटोपलेलं नाही. पत्रा वाकायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो लागू दिलाय. आपल्या मनात येतं की अरे, याच गाडीने तो तिला दवाखान्यात नेत होता. ते कुणी बोलून दाखवत नाही.

या चित्रपटासाठी नाझिफला बर्लिनला सर्वोत्तम अभिनेत्याचा सिल्व्हर बेअर मिळाला. पुढे हलाखी सुटली नाही, जर्मनीत आश्रय मागितला तो मिळाला नाही, आणि शेवटी गरजेपोटी त्याला ते बक्षीस विकावं लागलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो गेला. खऱ्या माणसांना घेऊन चित्रपट करायचा विचार तुमच्या मनात असेल तर हे आधी वाचा आणि मग ठरवा. तुमच्या गावातले विस्थापित स्वतःची भूमिका करतील, सुंदर करतील, आणि चित्रपट संपल्यावर त्याच पुनर्वसन वसाहतीत राहतील. त्याची सोय पटकथेच्या पहिल्या खर्ड्याबरोबर लावायची असते.

तानोविचचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. पाकिस्तानातल्या बाळदुधाच्या विक्रीवरचा 'टायगर्स' त्याने २०१४ मध्ये इम्रान हाश्मीला घेऊन केला.

आयदा बेगिचचा 'स्नियेग', म्हणजे बर्फ, २००८ मध्ये कान चित्रपट महोत्सवातल्या 'क्रिटिक्स वीक' या विभागात पहिला आला. तुमच्या विषयाला सर्वांत जवळचा हाच. १९९७ साल, एक डोंगरी गाव, त्यातले जवळजवळ सगळे पुरुष युद्धात नाहीसे झालेले. उरलेल्या बायका फळांचे मुरंबे आणि लोणची घालतात आणि रस्त्याकडेला विकायला बसतात. मग कुणी तरी येतं आणि अख्ख्या गावाची जमीन विकत मागतं. पैसे चांगले. सही करायची की नाही? माती, पैसा आणि मेलेली माणसं, या तिघांची ओढाताण एकेका बाईच्या चेहऱ्यावर वेगळी दिसते. मुरंब्याच्या बरण्या, त्यांची झाकणं, चिकट बोटं यांवर बेगिच इतका वेळ देते की त्या बरण्या म्हणजेच गाव होऊन जातं. तुमच्या गावात अशी वस्तू कोणती, ते शोधा.

आता 'क्वो वादिस, आयदा?'. झ्बानिचचाच, २०२० चा. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात म्लादिचच्या सर्ब सैन्याकडून आठ हजारांहून अधिक बोस्नियाक (तिथले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले, संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित' म्हणून जाहीर केलेल्या प्रदेशात, जिथे डच शांतिसैनिक तैनात होते. आयदा ही शाळेतली शिक्षिका, तिथल्या तळावर दुभाषी म्हणून काम करणारी. पात्र कल्पित आहे, पण पटकथेला हसन नुहानोविच यांच्या पुस्तकाची प्रेरणा आहे. ते स्वतः तिथे दुभाषी होते आणि त्यांचे आईवडील आणि भाऊ मारले गेले.

या चित्रपटाचा कणा म्हणजे एक यादी. तळावरच्या कर्मचाऱ्यांना बाहेर पडता येणार आहे. त्या यादीत नवरा आणि दोन मुलांची नावं घालून घेण्यासाठी आयदा दारोदार फिरते. आणि मधल्या वेळात तिचं काम चालूच असतं. अधिकारी इंग्रजीत सांगतो, ती गर्दीला तिच्या भाषेत सांगते: घाबरू नका, तुम्ही सुरक्षित आहात. तिचा स्वतःचा त्यावर विश्वास उरलेला नाही. दुसऱ्याचं खोटं आपल्या आवाजात, आपल्याच शेजाऱ्यांना सांगायचं, यापेक्षा कडू प्रसंग मी तरी पडद्यावर बघितलेला नाही. यास्ना जुरिचिच या अभिनेत्रीचा चेहरा त्या प्रत्येक भाषांतराच्या आधी अर्धा क्षण थांबतो. संकलक यारोस्लाव कामिन्स्की, पोलंडचा, तो अर्धा क्षण कधीही खात नाही. बाकी चित्रपट धावतो, कारण आयदा धावते, तिच्या पावलांच्या वेगाने कट येतात. थांबतो तो फक्त तिच्या चेहऱ्यावर.

आणि ती हत्या. पुरुषांना एका सभागृहात कोंबतात. भिंतीतल्या झरोक्यांतून बंदुकांच्या नळ्या दिसतात. मग कॅमेरा बाहेर, रस्त्यावर. नेहमीची दुपार, आणि आवाज. तुमच्या "दाखवायचं की नाही" या प्रश्नाचं उत्तर मी त्या बाहेरच्या शॉटकडे बोट दाखवून देईन. पण एक लक्षात घ्या. तो शॉट हलतो कारण त्याआधी आपण दीड तास त्यांतल्या तिघांची नावं यादीत यावीत म्हणून जीव मुठीत धरून बसलेलो असतो. न दाखवण्याचं बळ आधी कमवावं लागतं. नाहीतर ते नुसतं टाळणं होतं.

माणसांबद्दल विचारलंत, तर तिथे एका घराण्यासारखी परंपरा आहे. कवी अब्दुल्ला सिद्रान यांनी 'ओतात्स ना स्लुझबेनोम पुतु', म्हणजे 'बाबा कामानिमित्त गावाला गेलेत', ही पटकथा लिहिली, आणि एमिर कुस्तुरित्साला त्यावर १९८५ चा कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, मिळाला. बाबा कामाला गेलेत, असं मुलाला सांगितलं जातं, पण ते राजकीय कैदेत असतात. मोठी घटना घराबाहेर आणि घरात एक खोटं, ही वीण तिथूनच आली. त्यात आईचं काम केलं होतं मिर्याना कारानोविचने, आणि एकवीस वर्षांनी 'ग्रबावित्सा'तली एस्मा तीच. दोन्ही चित्रपट लागोपाठ बघा: तोच चेहरा, मुलापासून काहीतरी लपवणारी तीच आई, आणि मध्ये एक देश फुटून गेलेला. कुस्तुरित्सा युद्धाच्या वेळी सारायेवोपासून तुटला आणि शहराने त्याला अजून माफ केलेलं नाही. सिद्रान वेढ्यातही शहरातच राहिले, आणि नंतर अदेमिर केनोविचबरोबर 'साव्रशेनी क्रुग' लिहिला, १९९७ चा, युद्धानंतरचा पहिला मोठा चित्रपट: एक कवी आणि दोन अनाथ भाऊ, खऱ्या पडझडीत चित्रित केलेला. २०२४ च्या मार्चमध्ये सिद्रान गेले.

कारानोविच बेलग्रेडची आहे. यास्ना जुरिचिच सर्बियाची, आणि म्लादिचची भूमिका करणारा बोरिस इसाकोविचही सर्बियाचा. हे दोघे प्रत्यक्षात नवरा-बायको आहेत. आयदा आणि म्लादिच एका घरातून सेटवर यायचे! आपल्या देशाने नाकारलेली गोष्ट शेजारच्या देशाच्या पडद्यावर उभी करायची, आणि मग त्याच देशात घरी परत जायचं. त्यांच्यावर तिकडे टीकाही झाली. या कलावंतांबद्दल मला वाटणारा आदर शब्दांत मावत नाही.

पैशाचं गणित वेगळं. तिथली सरकारी मदत तुटपुंजी, त्यामुळे एकेका चित्रपटाला चार-पाच देश लागतात. 'आयदा'ला नऊ लागले. छायालेखिका क्रिस्टिने मायर ऑस्ट्रियाची, 'ग्रबावित्सा'ही तिचाच. निर्माता दामिर इब्राहिमोविच हा झ्बानिचचा नवरा आणि 'देब्लोकादा' या त्यांच्या संस्थेचा कणा. देब्लोकादा म्हणजे वेढा उठवणं. सारायेवोचा वेढा १४२५ दिवस चालला. तो औपचारिकपणे उठायच्या आधी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, मिर्साद पुरिवात्रा आणि त्याच्या सोबत्यांनी पहिला सारायेवो चित्रपट महोत्सव भरवला. १५ देशांचे ३७ चित्रपट, १५ हजार प्रेक्षक. वीज-पाण्याचा भरवसा नसलेल्या शहरात. आज तिथले बहुतेक दिग्दर्शक याच महोत्सवाच्या अंगणातून पुढे आलेत.

सगळे युद्धाचेच का, तर नाही. उना गुन्याकचा २०२३ चा 'एक्सकुर्झिया' बघा. शाळकरी मुलगी खेळात एक थाप मारते आणि ती थाप तिच्या हाताबाहेर जाते. नावाचा अर्थ सहल. 'ग्रबावित्सा'तली सहल आठवेल, पण इथल्या मुलांनी युद्ध बघितलेलंच नाही. वर्ग, मोबाइल, कुजबुज, पालकसभा. दोन्ही चित्रपटांतल्या मुली शेजारी ठेवल्या की सतरा वर्षं दिसतात.

बघायचा क्रम: 'ग्रबावित्सा', 'स्नियेग', 'लोखंड वेचणारा', मग 'आयदा', मग मागे जाऊन १९८५ चा सिद्रान. 'आयदा' एकट्याने रात्री बघू नका, सोबत कुणीतरी असू द्या. प्रत्येक चित्रपट दुसऱ्यांदा बघताना वही घ्या आणि एवढंच लिहा: कागद कोणता, तो कुणाच्या हातात आहे, आणि कोणत्या मिनिटाला तो प्रेक्षकाला पहिल्यांदा दिसतो. मग तुमचा खर्डा उघडा. धरणग्रस्ताचा दाखला, सातबारा, नोटीस, पंचनामा, यातलं काहीतरी तुमच्या कुटुंबाच्या पत्र्याच्या पेटीत नक्की असेल. कोण उघडतं ती पेटी, आणि घरातल्या कुणाला ती उघडू देत नाहीत? ते दृश्य आधी लिहा आणि मला पाठवा. पाणी चढतं त्या दिवसाबद्दल आपण त्यानंतर बोलू.